गळीत हंगाम आणि जादा पाळी

साखर कारखान्यातील ओव्हरटाइमचे मूळ उसात आहे. तोडलेला ऊस ताटकळला की साखरेचा उतारा घटतो, म्हणून गव्हाणीत पहिली मोळी पडल्यापासून हंगाम संपेपर्यंत गाळप रात्रंदिवस चालते. आठ तासांच्या तीन पाळ्या असतात. पुढच्या पाळीचा माणूस आला नाही, तर आधीचा जागा सोडू शकत नाही. ईश्वरपूरजवळ (पूर्वीचे इस्लामपूर) साखराळ्याचा राजारामबापू पाटील कारखाना, वाळव्याचा हुतात्मा किसन अहिर कारखाना, पलीकडे रेठरे बुद्रुकचा कृष्णा कारखाना, या साऱ्या पट्ट्यात जादा पाळी हंगामाबरोबर येते आणि हंगामाबरोबर जाते.

कायद्याने आधी तास मोजले, मग मोबदला ठरवला. १९२२ च्या कारखाने कायद्यात आठवड्याला ६० तासांची मर्यादा आणि जादा कामाला सव्वापट वेतन होते. १९३४ च्या कायद्याने बारमाही कारखान्यांची मर्यादा ५४ तासांवर आणली, हंगामी कारखान्यांना मात्र ६० तास ठेवले. हा भेद १९४८ च्या कारखाने अधिनियमाने मिटवला. आठवड्याला ४८ तास, दिवसाला ९ तास आणि त्यापुढे दुप्पट वेतन, हे सर्वांना सारखे झाले. सतत चालणाऱ्या कामासाठी कलम ६४ मध्ये वाट ठेवली गेली: बदलीचा कामगार गैरहजर राहिल्यास राज्याच्या नियमांनुसार दुसऱ्याला पुढची पाळी पूर्ण किंवा अंशतः करू देता येत असे. १९४८ च्या मूळ कायद्यात जादा कामाची सर्वसाधारण कमाल तिमाहीला ५० तास होती, म्हणजे हिशेबाने फार तर सहा दुहेरी पाळ्या.

हे जादा काम कोणाच्या वाट्याला जावे, याबद्दल मात्र कायदा काहीच सांगत नाही. दुप्पट वेतन असल्यामुळे भांडण नेमके तिथेच होते. कोणाला जादा पाळी हवी असते, कोणाला ती टाळायची असते. आणि वाटप पर्यवेक्षकाच्या मर्जीवर राहिले तर ओव्हरटाइम बक्षीसही होतो आणि शिक्षाही. म्हणून हा विषय संघटनेच्या टेबलावर येतो. महाराष्ट्रातील साखर उद्योगाला १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध अधिनियम लागू झाला. त्यानुसार २५ टक्के सभासद असलेली संघटना त्या स्थानिक क्षेत्रात ‘प्रातिनिधिक’ ठरू शकते, आणि वेतन किंवा कामाचे तास बदलायचे तर मालकाला आधी बदलाची नोटीस द्यावी लागते. वेतनश्रेणी १९५७ आणि १९६५ मध्ये नेमलेल्या केंद्रीय वेतन मंडळांनी ठरवल्या. पुढे त्यांची जागा शासन, कारखाने आणि कामगार यांच्या त्रिपक्षीय समितीने घेतली. ओव्हरटाइमचा पैसा मूळ वेतन व महागाई भत्त्यावर मोजला जात असल्याने राज्य पातळीवरची प्रत्येक वाढ जादा पाळीच्या दरातही उतरते.

वाटपाचे नियम मात्र खात्याच्या दारातच ठरतात. त्याच खात्याचा, तेच काम जाणणारा माणूस आधी. त्यांत सेवाज्येष्ठता की आळीपाळी, हा नेहमीचा वाद. ज्येष्ठतेने मान राखला जातो, पण कमाई मोजक्यांच्या हाती जाते. अमेरिकेतील मोटार कामगारांच्या करारांत जादा तास समान वाटण्याची कलमे आहेत. साखर कारखान्यात ते सगळीकडे जमत नाही. बॉयलरवर प्रमाणपत्रधारक माणूसच लागतो, आणि पॅनवर, म्हणजे पाक आटवण्याच्या भांड्यावर, साखरेचा दाणा धरण्याची नजर दोघा-चौघांकडेच असते. वजनकाटा किंवा गोदाम इथे आळीपाळी चालते. बॉयलर हाऊसमध्ये ‘जो आहे तो थांबेल’ हाच नियम उरतो.

हंगामी कामगाराचे गणित आणखी वेगळे. ऑक्टोबर ते डिसेंबर आणि जानेवारी ते मार्च या दोन तिमाह्यांतच त्याची बरीचशी जादा कमाई होते. पुढचे महिने तो ‘रिटेन्शन’वर, म्हणजे बिगरहंगामी भत्त्यावर काढतो. त्यामुळे तासांची कमाल त्याला संरक्षणापेक्षा अडसर वाटण्याची शक्यता अधिक.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रम संहितांनी दुप्पट वेतन कायम ठेवले, पण जादा कामाला कामगाराची संमती आवश्यक केली. पाळी संपताना बदलीचा माणूस न आल्यास ही संमती कशी घ्यायची, हे आता करारात लिहावे लागेल.