प्रत्यावर्ती व शक्ती-इलेक्ट्रॉनिक्स परिपथांची उदाहरणे

प्रत्यावर्ती व शक्ती-इलेक्ट्रॉनिक्स परिपथांची उदाहरणे हा विद्युत अभियांत्रिकीच्या पदविका व पदवी अभ्यासक्रमांतील गणिती सरावाचा भाग आहे. दिलेल्या परिपथातील विद्युतधारा, विभवांतर, शक्ती व शक्तिगुणक काढणे हा त्याचा पहिला टप्पा होय. थायरिस्टरसारख्या घटकांच्या साहाय्याने प्रत्यावर्ती धारेचे दिष्ट धारेत किंवा दिष्ट धारेचे प्रत्यावर्ती धारेत रूपांतर होताना मिळणारी मूल्ये ठरवणे हा दुसरा. महाराष्ट्रात या दुसऱ्या टप्प्याची मोठी प्रत्यक्ष रूपे चंद्रपूर जिल्ह्यात उभी आहेत. त्यांतील एक चंद्रपूर–पडघे उच्चदाब दिष्टधारा वाहिनीचे चंद्रपूरकडील केंद्र, तर दुसरे भद्रावतीचे रूपांतरण केंद्र होय.

प्रत्यावर्ती परिपथ

विद्यार्थ्यांची बहुतेक उत्तरे एकाच ठिकाणी चुकतात. दिष्ट धारेच्या परिपथात एकसर जोडलेल्या घटकांवरील विभवांतरांची साधी बेरीज करता येते. प्रत्यावर्ती परिपथात ती करता येत नाही. समजा, २३० व्होल्ट, ५० हर्ट्झच्या पुरवठ्याला ३० ओहमचा रोध आणि ४० ओहम रिअ‍ॅक्टन्सची कॉइल एकसर जोडली आहे. ३० आणि ४० यांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ ५०, म्हणून परिपथाचा इम्पीडन्स ५० ओहम आणि धारा ४.६ अँपिअर. रोधावर १३८ व्होल्ट आणि कॉइलवर १८४ व्होल्ट मिळतात. त्यांची बेरीज ३२२ येते, पुरवठा मात्र २३० चा आहे. येथे गोंधळून अनेक विद्यार्थी मधली पायरी खोडतात. वास्तविक ती बरोबर असते. दोन्ही विभवांतरांत ९० अंशांचा कलाफरक असल्याने ती काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजूंप्रमाणे मिळवावी लागतात. १३८ व १८४ यांच्या वर्गांची बेरीज ५२,९०० होते आणि तिचे वर्गमूळ बरोबर २३० येते. शाळेत शिकलेले ३, ४, ५ हे पायथागोरसचे त्रिकुटच येथे परत भेटते.

हाच हिशेब संमिश्र संख्यांनी करण्याची पद्धत चार्ल्स स्टाइनमेट्झ यांनी १८९३ मध्ये शिकागो येथील विद्युत परिषदेत मांडली. तीत वरील इम्पीडन्स ३० अधिक जे ४० असा लिहितात. गणितातील आय हे अक्षर येथे धारेसाठी राखून ठेवलेले असल्यामुळे जे वापरतात.

याच परिपथाचा शक्तिगुणक ३० भागिले ५०, म्हणजे ०.६ आहे. खर्च होणारी शक्ती ६३४.८ वॅट. सुमारे ५१ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर पुरवठ्याला समांतर जोडल्यास शक्ती तेवढीच राहते, पण पुरवठ्यातून येणारी धारा ४.६ वरून २.७६ अँपिअरवर उतरते. कृषिपंपांना कॅपॅसिटर बसवावेत असा आग्रह महावितरण धरते, तो याच कारणासाठी. धारा कमी झाली की रोहित्रावरचा भार हलका होतो. धानाच्या हंगामात अनेक पंप एकाच वेळी चालतात, तेव्हा हा फरक किरकोळ राहत नाही.

थायरिस्टरचे परिपथ

थायरिस्टर हा स्वतःहून सुरू न होणारा, इशारा मिळाल्यावरच वहन करणारा घटक आहे. लाटेच्या प्रारंभापासून किती अंश उशिरा हा इशारा द्यायचा, त्या कोनाला अल्फा म्हणतात. चार थायरिस्टरांच्या सिंगल-फेज पुलाला २३० व्होल्ट दिले आणि अल्फा ६० अंश ठेवला, तर सरासरी दिष्ट विभवांतर किती? या प्रश्नाला एकच उत्तर नाही. भार केवळ रोधाचा असेल तर लाट शून्यावर येताच धारा थांबते आणि उत्तर १५५.३ व्होल्ट येते. भारात मोठी कॉइल असून धारा अखंड राहत असेल, तर लाटेचा ऋण भागही हिशेबात येतो आणि उत्तर १०३.५ व्होल्ट येते. सूत्र पाठ असूनही गुण जातात, त्याचे कारण बहुधा हेच असते. सूत्र निवडण्यापूर्वी धारेचा आलेख काढणे, ही सवय सूत्रांच्या यादीपेक्षा अधिक उपयोगी पडते.

कोन ९० अंशांपुढे नेला की अखंड धारेच्या पुलाचे सरासरी विभवांतर ऋण होते. धारेची दिशा मात्र बदलत नाही. दिष्ट बाजूला शक्तीचा स्रोत असेल, तर शक्ती तिकडून प्रत्यावर्ती बाजूकडे वाहू लागते. तोच पूल आता इन्व्हर्टर होतो.

चंद्रपूरची केंद्रे

चंद्रपूरच्या महाऔष्णिक विद्युत केंद्राची वीज मुंबई परिसराकडे नेण्यासाठी उभारलेली चंद्रपूर–पडघे वाहिनी ७५२ किलोमीटर लांब असून ती १९९९ मध्ये कार्यान्वित झाली. तिची क्षमता १,५०० मेगावॅट आहे. एक तार अधिक ५०० व दुसरी उणे ५०० किलोव्होल्टवर असल्याने दोहोंतील अंतर १,००० किलोव्होल्ट. म्हणून पूर्ण भाराची धारा १,५०० अँपिअर. चंद्रपूरला अल्फा लहान ठेवून दिष्टीकरण होते आणि ठाणे जिल्ह्यातील पडघे येथे तो ९० अंशांपलीकडे ठेवून वीज पुन्हा प्रत्यावर्ती केली जाते.

प्रत्येक ध्रुवासाठी सहा स्पंदांचे दोन पूल एकसर जोडतात, म्हणजे एका पुलाच्या वाट्याला २५० किलोव्होल्ट. तीन फेजच्या पुलाचे सरासरी विभवांतर हे लाइन विभवांतराच्या १.३५ पटीला अल्फाच्या कोसाइनने गुणून येते. अल्फा १५ अंश धरल्यास रोहित्राने सुमारे १९२ किलोव्होल्ट द्यावे लागतात. धारा एका थायरिस्टरकडून दुसऱ्याकडे जाताना होणारी घट धरली, तर हा आकडा वाढतो. दोन पुलांच्या रोहित्रांपैकी एकाची जोडणी स्टार-स्टार आणि दुसऱ्याची स्टार-डेल्टा असते. त्यामुळे पडणाऱ्या ३० अंशांच्या फरकाने पाचवी व सातवी हार्मोनिक परस्परांना छेदतात. ५५० व ६५० हर्ट्झच्या अकराव्या व तेराव्या उरतात आणि त्यांच्यासाठी फिल्टर बसवावे लागतात.

भद्रावतीच्या केंद्रात वाहिनीच नाही. दिष्टीकरण आणि उलट रूपांतर एकाच आवारात होते. प्रत्येकी ५०० मेगावॅटचे दोन संच पश्चिम व दक्षिण विभागांच्या जाळ्यांना जोडतात. २०५ किलोव्होल्टवर एका संचाची धारा सुमारे २,४३९ अँपिअर येते. ३१ डिसेंबर २०१३ रोजी दक्षिणेचे जाळे उर्वरित देशाशी समकालिक होईपर्यंत दोन्हीकडची वारंवारता वेगळी असे आणि थेट जोडणी शक्य नव्हती.

परिभाषा

चंद्रपूरचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९९६ चे, तर गडचिरोलीचे गोंडवाना विद्यापीठ २०११ चे. या दोन जिल्ह्यांतील पुष्कळ विद्यार्थी मराठी शाळांतून येतात. काहींच्या घरी माडिया किंवा गोंडी बोलली जाते, आणि अभियांत्रिकीचा प्रश्न समोर येतो तो इंग्रजीत. २०२१–२२ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने मराठीसह काही भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकवण्यास मुभा दिली असली, तरी उदाहरणांची भाषा मुख्यतः इंग्रजीच आहे. त्यात अडचण गणितापेक्षा न लिहिलेल्या संकेतांची असते. वेगळे सांगितले नसेल तर २३० व्होल्ट हे आरएमएस मूल्य असते आणि कमाल मूल्य ३२५ व्होल्ट. तीन फेजच्या उदाहरणात दिलेले विभवांतर लाइन-टू-लाइन धरायचे असते. भार 'हायली इंडक्टिव्ह' आहे, एवढ्या दोन शब्दांतच धारा अखंड असल्याचे सांगून झालेले असते. शालेय पुस्तकातील 'दिष्ट धारा', मराठी विश्वकोशातील 'एकदिश प्रवाह' आणि कार्यशाळेतील 'डीसी' या तिन्ही संज्ञा एकाच गोष्टीच्या आहेत.