काळी बीअर आणि चार निरीक्षणं

समजा, काळ्या बीअरच्या एका स्पर्धेत चार परीक्षक बसले आहेत. समोर आलेल्या एका बीअरला त्यांनी ५० पैकी ३८, ४१, ३५ आणि ४२ गुण दिले. सरासरी आली ३९. दुसऱ्या एका बीअरची सरासरी आली ३६. मग पहिली बीअर दुसरीपेक्षा चांगली, असं म्हणता येईल का?

शिक्षकांच्या मासिकात बीअर कशाला, असं तुम्हाला वाटेल. पण हा प्रश्न आपल्याला अनोळखी नाही. घटक चाचणीत 'अ' तुकडीची सरासरी 'ब' तुकडीपेक्षा तीन गुणांनी जास्त आली की आपण लगेच काहीतरी निष्कर्ष काढतो. दोन चाचण्यांत कमी गुण पडलेल्या मुलाला 'गणितात कच्चा' म्हणतो. थोड्याशा नोंदींवरून किती बोलावं, या प्रश्नाचं पहिलं पद्धतशीर उत्तर कुठल्याही विद्यापीठात तयार झालं नाही. ते डब्लिन शहरातल्या काळ्या बीअरच्या कारखान्यात तयार झालं. त्याचीच ही गोष्ट.

रंग खरं सांगतो का?

आधी काळी बीअर म्हणजे काय ते पाहू. बीअरसाठी जव भिजवून त्यांना मोड आणतात आणि मग ते उष्णतेवर वाळवतात. नाचणीचं सत्त्व करताना आपण मोड आणतो, तसंच. या मोडाच्या धान्याला माल्ट म्हणतात. मोड येताना धान्यात विकरं तयार होतात. माल्ट भरडून गरम पाण्यात ठेवलं की ही विकरं त्यातल्या स्टार्चची साखर करतात. या गोड काढ्यात हॉप्स नावाच्या वेलीची कडवट फुलं उकळतात, काढा गार झाला की यीस्ट घालतात, आणि यीस्ट साखरेपासून अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड बनवतं.

काळा रंग येतो तो भाजण्यातून. उष्णतेनं धान्यातली साखर आणि अमिनो आम्लं यांच्यात क्रिया होऊन तपकिरी रंगाचे आणि खमंग वासाचे पदार्थ तयार होतात. भाकरीवरचे तपकिरी डाग आणि भाजलेल्या कॉफीचा वास यांच्यामागेही हीच क्रिया असते. लुई कामीय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञानं १९१२ मध्ये तिचं वर्णन केलं, म्हणून तिला मायार अभिक्रिया म्हणतात.

अठराव्या शतकात लंडनमध्ये अशी गडद बीअर फार लोकप्रिय होती. शहरातल्या हमालांचं ते आवडतं पेय, म्हणून तिचं नावच 'पोर्टर' पडलं. तिच्यासाठी खरपूस भाजलेलं तपकिरी माल्ट वापरत. माल्ट चांगलं की वाईट, हे कारखानदार बघून, हुंगून, दाताखाली चावून ठरवत. रंग गडद म्हणजे बीअर कडक, असा सर्वांचा समज होता.

मग कारखान्यात हायड्रोमीटर आला. दुधात पाणी आहे का हे बघायला लॅक्टोमीटर बुडवतात, तो याचाच भाऊबंद. काढ्यात साखर जास्त असेल तर घनता जास्त, आणि नळी वर तरंगते. जॉन रिचर्ड्सन यानं १७८४ मध्ये या मोजमापावर पुस्तक लिहिलं. मोजणी सुरू झाल्यावर एक गैरसोयीची गोष्ट लक्षात आली. तेवढ्याच वजनाच्या तपकिरी माल्टमधून फिक्या माल्टपेक्षा कितीतरी कमी साखर उतरत होती! म्हणजे जो रंग पाहून लोक बीअर कडक समजत होते, तो देणारं माल्टच अल्कोहोलच्या बाबतीत दुबळं होतं.

कारखानदार फिक्या माल्टकडे वळले, पण गिऱ्हाइकाला पेल्यात काळाच रंग हवा होता. काहींनी जाळलेली साखर आणि इतर पदार्थ मिसळायला सुरुवात केली. ब्रिटिश संसदेनं १८१६ च्या कायद्यानं अशा मिसळीला बंदी घातली. त्यानंतर १८१७ मध्ये डॅनियल व्हीलर यानं कॉफी भाजण्याच्या फिरत्या पिंपासारख्या यंत्रात माल्ट काळं होईपर्यंत भाजण्याचं पेटंट घेतलं. या काळ्या माल्टचं थोडंसं प्रमाण अख्ख्या पिंपाला रंग द्यायला पुरत असे. तेव्हापासून रंग आणि कडकपणा यांची फारकत झाली. आजही पिंपातून काढून देतात त्या काळ्याकुट्ट गिनेस बीअरमध्ये अल्कोहोलचं प्रमाण सुमारे ४.२ टक्के असतं, आणि कित्येक सोनेरी बीअरमध्ये ते ५ टक्के असतं.

हायड्रोमीटरनं डोळ्यांची चूक दाखवून दिली. पण मोजणी सुरू झाली की एक नवा प्रश्न उभा राहतो. एकाच गोष्टीची चार मोजमापं चार निघतात. त्यातलं कुठलं धरायचं?

डब्लिनमधला 'विद्यार्थी'

आर्थर गिनेस यानं १७५९ मध्ये डब्लिनमधली एक जुनी ब्रूअरी वर्षाला ४५ पौंड भाड्यानं तब्बल ९००० वर्षांच्या करारावर घेतली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती जगातली सर्वांत मोठी ब्रूअरी झाली होती. इतक्या प्रचंड प्रमाणावर माल घ्यायचा तर 'वास बरा वाटतो' एवढ्यावर भागत नाही. म्हणून कंपनीनं ऑक्सफर्ड आणि केंब्रिजमधून विज्ञानाचे पदवीधर नेमायला सुरुवात केली. १८९९ मध्ये त्यांत विल्यम सीली गॉसेट हा तेवीस वर्षांचा तरुण दाखल झाला. त्यानं गणित आणि रसायनशास्त्राचा अभ्यास केला होता.

गॉसेटची अडचण आपल्या ओळखीची आहे. जवाचं नवं वाण चांगलं की जुनं? पेरून पाहायचं तर वर्षात एकच हंगाम आणि हाताशी मोजकीच शेतं. हॉप्समधल्या रेझिनचं प्रमाण तपासायचं तर प्रत्येक पृथक्करणाला वेळ आणि पैसा. हजारो निरीक्षणं जमवणं शक्यच नव्हतं. त्या काळचं संख्याशास्त्र मात्र मोठ्या नमुन्यांसाठी होतं.

१९०४ मध्ये त्यानं कारखान्यासाठी एक अंतर्गत अहवाल लिहिला. माल्टपासून मिळणाऱ्या अर्काचं उदाहरण घेऊन त्यानं हिशेब मांडला. मोजमाप खऱ्या किमतीपासून अर्ध्या अंशापेक्षा जास्त चुकणार नाही, याची खात्री दहास एक इतकी हवी असेल, तर किमान चार निरीक्षणांची सरासरी घ्यायला हवी. चार या आकड्यात जादू काही नाही. मोजमापं किती पसरलेली आहेत, चूक किती चालणार आहे आणि खात्री किती हवी आहे, या तीन गोष्टींवरून तो आकडा निघतो. किती निरीक्षणं 'पुरेशी', याचं उत्तर कामाच्या गरजेवर अवलंबून असतं, हे त्यानं फार लवकर ओळखलं होतं.

पण एक कोडं राहिलं. मोजमापं किती पसरलेली आहेत हे तरी कुणी सांगायचं? तेही त्याच चार निरीक्षणांवरून काढावं लागतं. चारच्या चार निरीक्षणं योगायोगानं जवळजवळ आली, तर पसारा खऱ्यापेक्षा कमी दिसतो आणि आपण नको तितके निःशंक होतो.

कंपनीनं गॉसेटला १९०६ मध्ये लंडनला कार्ल पिअर्सन यांच्याकडे पाठवलं. तिथं त्यानं हे कोडं सोडवलं आणि एक सुंदर पडताळाही घेतला. ३००० गुन्हेगारांची उंची आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाची लांबी यांच्या नोंदी उपलब्ध होत्या. त्या त्यानं पुठ्ठ्याच्या ३००० तुकड्यांवर लिहिल्या, नीट पिसल्या आणि चार-चारचे ७५० गट पाडले. सगळ्या ३००० जणांची खरी सरासरी त्याला ठाऊक होती. त्यामुळे चार जणांवरून काढलेली सरासरी किती वेळा किती चुकते, हे सरळ मोजता आलं. गणितानं दिलेलं उत्तर आणि पुठ्ठ्यांचं उत्तर चांगलं जुळलं.

हा निबंध १९०८ मध्ये 'बायोमेट्रिका' या नियतकालिकात आला. कारखान्याची गुपितं फुटू नयेत म्हणून कंपनी स्वतःच्या नावानं लिहू देत नसे. म्हणून लेखकाचं नाव छापलं गेलं 'स्टुडंट', म्हणजे विद्यार्थी. पुढं रोनाल्ड फिशर यांनी त्याला भक्कम गणिती बैठक दिली. आज महाविद्यालयात शिकवली जाते ती 'स्टुडंटची टी-चाचणी' हीच. गॉसेट मात्र १९३७ मध्ये मृत्यू येईपर्यंत गिनेसच्याच नोकरीत होता.

आपल्या चार परीक्षकांचं काय?

आता सुरुवातीचं उदाहरण सोडवू. गुण ३८, ४१, ३५, ४२, सरासरी ३९. प्रत्येकाचं सरासरीपासूनचं अंतर −१, २, −४, ३. त्यांच्या वर्गांची बेरीज ३०. तिला एकूण संख्येतून एक वजा करून, म्हणजे ३ नं भागलं की १०. त्याचं वर्गमूळ ३.१६. त्याला ४ च्या वर्गमूळानं, म्हणजे २ नं भागलं की १.५८.

नमुना मोठा असेल तर या संख्येला १.९६ नं गुणतात. तसं केलं तर ३९ च्या दोन्ही बाजूंना सुमारे ३, म्हणजे ३६ ते ४२ अशी मर्यादा येते. पण निरीक्षणं फक्त चार असतील तर स्टुडंटच्या कोष्टकाप्रमाणे ३.१८ नं गुणावं लागतं. मग दोन्ही बाजूंना ५, म्हणजे मर्यादा ३४ ते ४४. अशा रीतीनं मर्यादा काढत राहिलो, तर १०० पैकी सुमारे ९५ वेळा खरी सरासरी त्या मर्यादांच्या आत सापडते. परीक्षक दहा असते तर १.९६ च्या जागी २.२६ आला असता आणि तीस असते तर २.०५. नमुना वाढतो तसा हा गुणक कमी होत जातो.

दुसऱ्या बीअरचे ३६ गुण या मर्यादेच्या आतच पडतात, आणि त्या ३६ मध्येही अशीच अनिश्चितता आहे. तेव्हा पहिली बीअर चांगली, असं एवढ्यावरून म्हणता येत नाही. दोन्ही सारख्याच आहेत, असंही सिद्ध होत नाही. अजून चाखून बघायला हवं, एवढंच खरं.

या हिशेबात एक अट लपलेली आहे. चारही परीक्षकांनी स्वतंत्रपणे गुण दिले पाहिजेत. पहिल्याचा चेहरा पाहून बाकीच्यांनी गुण दिले, तर परीक्षक चार असले तरी निरीक्षण एकच. प्रयोगशाळेत शेजारच्या वहीतून उतरवलेल्या 'वाचनां'चंही हेच आहे.

जीभ, डोळा आणि योगायोग

गुण देण्यापूर्वीचा प्रश्न असा, की परीक्षकाला फरक खरोखर कळतो का? रोदॅमस्टेड इथल्या शेती संशोधन केंद्रात १९२० च्या दशकात डॉ. म्युरिएल ब्रिस्टल यांनी फिशरना सांगितलं, की कपात आधी दूध ओतलं की आधी चहा, हे मला चवीवरून कळतं. यावरून फिशरनी एक प्रयोग बेतला आणि १९३५ च्या आपल्या पुस्तकात मांडला. आठ कप, चार एका पद्धतीचे, चार दुसऱ्या, कुठल्याही क्रमानं. आठातून चार निवडण्याचे ७० मार्ग आहेत. म्हणजे निव्वळ अंदाजानं सगळे कप बरोबर ओळखण्याची शक्यता ७० त एक.

१९४० च्या दशकात कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग ब्रूअरीत याहून सोपी 'त्रिकोणी चाचणी' वापरात आली. तीन पेले द्यायचे, दोन सारखे आणि एक वेगळा. वेगळा ओळखायचा. अंदाजानं बरोबर येण्याची शक्यता तिनात एक. काळ्या आणि फिक्या बीअरची तुलना असेल तर पेले गडद काचेचे हवेत, नाहीतर जिभेऐवजी डोळाच उत्तर देतो. फ्रान्समध्ये बोर्दो इथं झालेला आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग बोलका आहे. पांढऱ्या वाइनला चवहीन लाल रंग दिला, तर वाइनशास्त्र शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं!

म्हणूनच अमेरिकेत १९८५ मध्ये सुरू झालेल्या बीअर परीक्षकांच्या एका प्रशिक्षण व्यवस्थेतली गुणपत्रिका पाहण्यासारखी आहे. एकूण ५० गुणांत चवीला २०, वासाला १२, एकंदर परिणामाला १०, तोंडात जाणवणाऱ्या दाटपणाला ५, आणि दिसण्याला फक्त ३. आयर्लंडची स्टाउट, जर्मनीची डुंकेल, बाल्टिक किनाऱ्यावरची पोर्टर या सगळ्या काळ्या बीअर, पण त्यांची तुलना शक्यतो आपापल्या गटातच करतात.

वर्गात करून पाहा

हा प्रयोग ताकावर छान करता येतो. एका भांड्यातल्या ताकात दुसऱ्यापेक्षा चिमूटभर मीठ जास्त घाला. सहा विद्यार्थ्यांना प्रत्येकी तीन सारखे पेले द्या, दोन एका ताकाचे आणि एक दुसऱ्याचा. पेले भरणारा आणि देणारा वेगळा असू द्या, म्हणजे देणाऱ्याच्या चेहऱ्यावरून उत्तर कळणार नाही. मध्ये पाण्यानं चूळ भरायला लावा आणि उत्तरं गुपचूप कागदावर लिहून घ्या.

मग हिशेब मुलांनाच करू द्या. सहा जणांच्या उत्तरांच्या एकूण शक्यता ३ चा सहावा घात, म्हणजे ७२९. त्यांतल्या १३ शक्यतांमध्ये पाच किंवा सहा उत्तरं बरोबर येतात, म्हणजे साधारण ५६ त एक. चार किंवा जास्त बरोबर येण्याच्या शक्यता ७३, म्हणजे दहात एक. तेव्हा चार जणांनी ओळखलं, तर फरक कळतो असं म्हणायचं का? इथं वर्गात वाद होईल, तो होऊ द्या. दहास एक ही खात्री गॉसेटला माल्टसाठी पुरेशी वाटली होती. औषधाच्या बाबतीत ती पुरेल का, हेही विचारा.

आणि प्रगतिपुस्तकावर शेरा लिहायला बसाल, तेव्हा त्या मुलाची आपल्याजवळ किती स्वतंत्र निरीक्षणं आहेत, ती एकदा मोजून पाहा.