फडातील ध्वनिवर्धक आणि त्याचा ट्रान्सफॉर्मर

जुन्नर तालुक्यातील नारायणगावास लोक तमाशाची पंढरी म्हणतात. पाडव्याच्या आगेमागे जुन्नर-आंबेगावातीलच नव्हे, तर दूरदूरच्या गावांतील यात्रा कमिट्यांची माणसे तेथील राहुट्यांत येऊन फडांना सुपारी देतात. विठाबाई नारायणगावकर (१९३५–२००२) यांचे नाव तर महाराष्ट्रभर झाले. कलावंतांचा इतिहास थोडाफार लिहिला गेला. परंतु त्यांचा आवाज शेवटच्या माणसापर्यंत नेणाऱ्या यंत्राचा आणि ते सांभाळणाऱ्या वायरमनचा इतिहास कोणी फारसा सांगत नाही. आम्ही आज तोच सांगणार आहोत.

पूर्वी गॅसबत्तीच्या उजेडात शाहीर पहाडी आवाजावर फड जिंकीत. पुढे ध्वनिवर्धक आला, आणि त्याच्या पोटात एक जडशीळ लोखंडी ठोकळा आला. तो पॉवर ट्रान्सफॉर्मर. त्याचे मूळ लंडनमध्ये आहे. लोहाराचा मुलगा आणि पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केलेला मायकेल फॅरडे याने १८३१ साली एका लोखंडी कड्यावर तारेची दोन वेटोळी गुंडाळली. एकीतील प्रवाह बदलला की न जोडलेल्या दुसरीतही क्षणभर वीज उमटते, हे त्याने दाखविले. १८८५ साली बुडापेस्टच्या गांझ कारखान्यातील तिघा इंजिनियरांनी त्यातून व्यवहारात चालणारा ट्रान्सफॉर्मर घडविला. १९१५ साली टाटांच्या खोपोलीच्या केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. १९६० साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले आणि पुढल्या दशकांत तारा खेडोपाडी पोचल्या. शेतावरची डीपी आणि ध्वनिवर्धकातला ठोकळा ही एकाच कुळातली थोरली-धाकटी भावंडे होत.

हा ठोकळा करतो काय? भिंतीतल्या २३० व्होल्टचे तो यंत्राला हवे तसे दाब करून देतो. जुन्या व्हॉल्व्हच्या ध्वनिवर्धकात, आणि गिटारवादक आजही हौसेने वापरतात त्या व्हॉल्व्हच्या यंत्रात, व्हॉल्व्हची तार तापविण्यास बहुधा ६.३ व्होल्ट लागतात, तर त्याच्या प्लेटला तीनशेच्या घरात किंवा त्याहूनही अधिक. हा सारा हिशेब वेढ्यांच्या संख्येवर चालतो.

आता मुख्य मुद्दा. ट्रान्सफॉर्मर क्वचितच आपल्या दोषाने जळतो. पुढे रेक्टिफायर शॉर्ट होतो, फिल्टर कंडेन्सर फुटतो, किंवा जनरेटरची गती ढळून दाब वरखाली होतो. भार मात्र या मुक्या ठोकळ्यावर येतो. वेढ्यांवरचे एनॅमल करपते, जळका वास सुटतो, आणि सारे म्हणतात, 'ट्रान्सफॉर्मर गेला.' जाणता कारागीर तेथे थांबत नाही. तो यंत्र बंद करून कंडेन्सरात साठलेली वीज आधी उतरवतो, कारण ती जीव घेऊ शकते. मग ट्रान्सफॉर्मरच्या पुढच्या तारा सोडवून त्याला सिरीज दिव्यातून वीज देतो. दिवा लख्ख पेटला तर ठोकळाच गेला. जवळजवळ विझलेला राहिला तर गुन्हेगार पुढे आहे. रिवाइंडिंग करताना पट्ट्या सुट्या करून जुने वेढे मोजावे लागतात, त्याच जाडीची तार भरावी लागते, थरांमध्ये कागद आणि वर वार्निश द्यावे लागते. एवढे करूनही मूळ कारण शोधले नाही, तर नवा ठोकळाही जुन्याच्या वाटेने जातो.

आमच्या संघटनेच्या कामात असेच एक प्रकरण आले. ऐन यात्रेत एका फडाचा ध्वनिवर्धक बंद पडला आणि ट्रान्सफॉर्मरची किंमत वायरमनच्या पगारातून कापली गेली. आम्ही यंत्र उघडून पाहण्याचा आग्रह धरला. रेक्टिफायर शॉर्ट होता, आणि फ्यूजच्या जागी जाड तार होती. खेळ मध्येच थांबू नये म्हणून ती मालकाच्याच हुकुमाने बसविलेली! फ्यूज असता तर तो वितळला असता, ठोकळा वाचला असता. कापलेले पैसे परत मिळाले.

कामगाराच्या हयगयीने नुकसान झाले असेल तरच कपात, आणि तीही त्याचे म्हणणे ऐकून घेतल्यावर, हे तत्त्व १९३६ च्या वेतन कायद्यात आले आणि २०१९ च्या वेतन संहितेतही राहिले. कायद्याचे हे कलम म्हणजे कारागिराचा सिरीज दिवाच होय. दोष कोठे आहे ते पाहिल्यावाचून कोणाला दोषी ठरवू नये.

श्रोतेहो, उद्या आपल्या गावच्या यात्रेत आवाज एकाएकी बंद पडला, तर वायरमनला शिव्या देऊ नका. फ्यूजच्या जागी काय बसविले होते आणि ते कोणी बसवायला सांगितले, एवढे दोन प्रश्न आधी विचारा.