ताट, पाट आणि बोर्ड

मराठी माणसाने इंग्रजीतून जे शब्द उचलले आणि परके मानणे सोडून दिले, त्यांत ‘बोर्ड’ हा शब्द बराच वरचा आहे. दुकानावर बोर्ड असतो, वर्गात बोर्ड असतो, मुलगी दहावीला असली की घरात ‘बोर्डाचे वर्ष’ असते, कंपनीचे निर्णय बोर्ड घेते, आणि मागच्या पिढीतला एखादा गृहस्थ ‘मी बोर्डिंगात राहून शिकलो’ असे अभिमानाने सांगतो. या सगळ्या बोर्डांचा एकमेकांशी काय संबंध, हा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. मूळ इंग्रजी बोलणाऱ्यालाही तो पडत नाही. पण संबंध आहे. तो शोधत गेले की शब्दाच्या इतिहासाबरोबरच जेवण आणि सत्ता यांच्या नात्याचा इतिहासही हाती लागतो.

जुन्या इंग्रजीत ‘बोर्ड’ म्हणजे फळी. लाकडाची चिरलेली, सपाट फळी, एवढेच. फळीची ढाल होई, म्हणून जुन्या काव्यात ढालीलाही बोर्ड म्हटलेले आढळते. जहाजाच्या बाजूलाही बोर्ड म्हणत. फळी आणि कड असे अर्थ असलेले दोन जुने जर्मानिक शब्द इथे एकमेकांत मिसळून गेले, असे व्युत्पत्तिकार मानतात. या दुसऱ्या अर्थाने समुद्रावर मोठा संसार मांडला. जहाजाच्या उजव्या बाजूला ‘स्टारबोर्ड’ म्हणतात. त्यात ताऱ्याचा काही संबंध नाही. जुन्या जहाजांचे सुकाणू म्हणजे उजव्या अंगाला बांधलेले मोठे वल्हे असे. सुकाणूची बाजू ती स्टारबोर्ड. डावी ती ‘लारबोर्ड’. वादळात ओरडून दिलेल्या हुकमात हे दोन शब्द सारखेच ऐकू येत, तेव्हा १८४४ मध्ये ब्रिटिश नौदलाने लारबोर्ड रद्द करून ‘पोर्ट’ हा शब्द सक्तीचा केला. डोलकाठी मोडून जहाजाच्या कडेवरून समुद्रात गेली की ती ‘बोर्डावरून गेली’ म्हणत. आज एखादी योजना बारगळली तरी इंग्रज तसेच म्हणतो. विमानतळावर आपण जो बोर्डिंग पास दाखवतो, त्याचे मूळही जहाजाच्या याच कडेत आहे.

पण आपल्याला जायचे आहे ते जमिनीवरच्या फळीकडे. मध्ययुगीन इंग्लंडमधल्या सरदाराच्या वाड्यात आजच्यासारखे कायमचे जेवणाचे टेबल क्वचितच असे. घोड्यांवर, म्हणजे लाकडी तिकाटण्यांवर, लांब फळ्या टाकायच्या, त्यावर वाढायचे, आणि जेवणे उरकली की फळ्या भिंतीला टेकवून दिवाणखाना मोकळा करायचा. त्यामुळे फळी म्हणजेच जेवणाची जागा, आणि पुढे फळी म्हणजेच जेवण. ‘बोर्ड आणि लॉजिंग’ या जोडीतला बोर्ड तो हा. खानावळीत पैसे देऊन जेवणारा तो ‘बोर्डर’. चर्चमधल्या वेदीला ‘देवाचा बोर्ड’ म्हणत, कारण तिथेही भाकरी आणि द्राक्षरस वाटला जाई. ‘कपबोर्ड’ म्हणजे कपाट नव्हे, तर पेले मांडून ठेवण्याची फळी. दारे तिला नंतर लागली.

नवरा-बायकोचे नातेही याच फळीने मोजले गेले. १८५७ चा घटस्फोटाचा कायदा होईपर्यंत इंग्लंडमधली धर्मन्यायालये फार तर ‘शय्या आणि बोर्ड’ यांपासून विभक्त होण्याची परवानगी देत. एका छपराखाली झोपायचे नाही, एका फळीवर जेवायचे नाही. पण लग्न कायम, आणि दुसरे लग्न करण्यास मनाई. रोटीव्यवहार आणि बेटीव्यवहार या शब्दांत विचार करणाऱ्या आपल्या समाजाला ही भाषा मुळीच परकी वाटू नये.

नॉर्मन विजयानंतर फ्रेंचमधून आलेल्या ‘टेबल’ शब्दाने हळूहळू बोर्डाची जागा घेतली. गंमत अशी की टेबलाचे मूळ असलेल्या लॅटिन ‘टाबुला’चा अर्थही फळीच. वस्तूचे नाव गेले, पण वाक्प्रचारांत बोर्ड तसाच राहिला. पत्ते खेळताना हात टेबलाच्या वर ठेवणारा तो सचोटीचा, म्हणून ‘बोर्डाच्या वर’ म्हणजे उघड, स्वच्छ व्यवहार. हा वाक्प्रचार सतराव्या शतकाच्या आरंभापासून चालत आलेला आहे. त्याच्या उलट व्यवहाराला मराठीने ‘टेबलाखालून’ हा नेमका शब्द काढला आहे, आणि त्याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

ज्या फळीभोवती जेवायचे, तिच्याभोवतीच बसून हिशेबही करायचे. इंग्लंडच्या राजाच्या घरखर्चाचा हिशेब पाहणाऱ्या अधिकाऱ्यांच्या मेजावर हिरवे कापड असे, म्हणून त्या कचेरीचे नावच ‘हिरव्या कापडाचा बोर्ड’ पडले. मग फळीभोवती बसणाऱ्या माणसांनाच बोर्ड म्हणू लागले. फ्रेंच ‘ब्युरो’ची कथा अशीच आहे : आधी जाडेभरडे कापड, मग ते अंथरलेले मेज, मग कचेरी. सावकाराच्या बाकावरून ‘बँक’ आली. युरोपातल्या सत्तेची बरीचशी नावे अशी लाकूडसामानातून निघालेली आहेत.

बोर्डाचे हे दोन अर्थ, वाढणारी फळी आणि ठरवणारी फळी, एकमेकांसमोर उभे केले ते चार्ल्स डिकन्सने. १८३४ च्या गरीब कायद्याने इंग्लंडमध्ये निराधारांसाठीच्या वर्कहाउसांचा कारभार पालकमंडळांकडे, म्हणजे बोर्डांकडे गेला. १८३७ पासून क्रमशः छापल्या गेलेल्या ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ मध्ये नऊ वर्षांच्या अनाथ ऑलिव्हरला बोर्डापुढे नेतात आणि बोर्डाला नमस्कार कर म्हणून सांगतात. पोर गोंधळते. त्याला समोर लठ्ठ सभ्य गृहस्थ दिसतात, बोर्ड काही दिसत नाही. शेवटी ते टेबलालाच वाकून नमस्कार करते. हा विनोद आहे, पण त्याला पुढे धार चढते. हेच बोर्ड पोरांना किती पातळ पेज द्यायची ते ठरवते, आणि तीच पेज आणखी मागितल्याबद्दल ऑलिव्हर गुन्हेगार ठरतो. एकाच शब्दाच्या एका टोकाला पोटभर जेवलेले लोक बसले आहेत आणि दुसऱ्या टोकाला रिकामा वाडगा आहे.

हा शब्द आपल्याकडे आला तो प्रथम सत्तेच्या टोकाने. १७८४ च्या पिटच्या कायद्याने कंपनीच्या कारभारावर देखरेख करण्यासाठी लंडनमध्ये ‘बोर्ड ऑफ कंट्रोल’ नेमले गेले. आपल्या जमिनीचे नि महसुलाचे धोरण ज्या मेजाभोवती तपासले जाई, ते मेज आपल्यापैकी कुणी पाहिलेही नव्हते. १८४० मध्ये मुंबईत ‘बोर्ड ऑफ एज्युकेशन’ स्थापन झाले. त्यावर जगन्नाथ शंकरशेट यांच्यासारखे एतद्देशीय सभासद होते. रिपनच्या १८८२ च्या ठरावानंतर १८८४ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात तालुका व जिल्हा लोकल बोर्डांची घडी बसली. रस्ते, विहिरी, दवाखाने, प्राथमिक शाळा या बोर्डांकडे आल्या आणि ‘बोर्डाची शाळा’, ‘बोर्डाचा रस्ता’ हे शब्द खेड्यापाड्यांत रुळले. पण मतदानाचा हक्क मालमत्तेला बांधलेला होता. बोर्डाची शाळा गावात होती. बोर्डात बसण्याचा मान गावातल्या थोड्यांनाच होता.

आपल्या भाषेतही या फळीचा एक सख्खा भाऊ आहे. संस्कृत ‘पट्ट’ म्हणजे फळा, पत्रा, आसन. त्यावरून जेवायला बसण्याचा पाट आला, मुलाच्या हातातली पाटी आली, आणि राजपाटही आला. ताम्रपट्टावरचे दानशासन आणि गावचा पाटील हेही याच कुळातले मानले जातात. म्हणजे जेवण, शिक्षण आणि राज्य या तिघांना एकच फळी पुरली. आणि याच पाटाबद्दल आपल्या पूर्वजांनी एक म्हण करून ठेवली आहे : ताट द्यावे, पण पाट देऊ नये. भुकेल्याला जेवू घाला, मात्र आपली जागा त्याला देऊ नका. व्यवहारात ती शहाणपणाची असेल. पण ज्या समाजात पंगतीत कोण कुठे बसणार हे जन्मावरून ठरत होते, तिथे या एका ओळीत सगळी समाजरचना आली. कित्येकांच्या वाट्याला तर ताटही अंगणातच येत होते.

राजर्षी शाहू महाराजांनी ही म्हण उलटी केली. १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले आणि त्यामागोमाग जातीजातींची बोर्डिंगे उभी राहिली. अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी १९०८ मध्ये मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झाले. खेड्यातल्या मुलाला शहरात शिकायचे तर पहिली अडचण फीची नव्हे, भाकरीची आणि ती कुणाच्या घरी मिळणार याची होती. बोर्डिंगने ती सोडवली. हे झाले ताट. आणि २६ जुलै १९०२ च्या जाहीरनाम्याने संस्थानातल्या रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासवर्गीयांसाठी राखून ठेवल्या. हा झाला पाट. पंधरा-सोळा महिन्यांच्या आत एकाच राजाने दोन्ही दिले. जेवू घातलेला मुलगा उद्या खुर्चीत बसला नाही, तर जेवण ही नुसती भीक ठरते, हे त्यांनी ओळखले होते.

उरलेले एक अंतर कर्मवीर भाऊराव पाटलांनी कापले. कोल्हापूरची बोर्डिंगे बहुतांशी जातवार होती. भाऊरावांनी १९२४ मध्ये साताऱ्यात जे बोर्डिंग काढले, त्यात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र राबत आणि एका पंगतीत जेवत. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस’ असे नामकरण झाले. मुलांच्या तोंडचा घास तुटू नये म्हणून लक्ष्मीबाईंनी आपले दागिने, शेवटी मंगळसूत्रसुद्धा दिले, ही हकिकत महाराष्ट्राला ठाऊक आहे. डिकन्सच्या बोर्डाने पेज मोजून दिली. इथे वाढणारीने स्वतःचे काही मोजले नाही. बोर्ड या शब्दाच्या दोन टोकांमधले अंतर इतके कमी झालेले इंग्रजीतही क्वचितच सापडेल.

पुढे १९६२ मध्ये लोकल बोर्डांच्या जागी जिल्हा परिषदा आल्या. बोर्डाचे ‘मंडळ’ झाले, ‘फलक’ झाला, आणि बोर्डिंगचे ‘वसतिगृह’ झाले. शब्द शुद्ध झाले, ही चांगलीच गोष्ट. तरी वसतिगृह या शब्दात राहणे आहे, जेवण नाही. म्हणूनच साताऱ्याकडचा जुना माणूस अजून ‘बोर्डिंगात होतो’ असेच म्हणतो. त्याला आठवत असते ती खोली नव्हे, पंगत असते.