निरोप कुठून जातो?

बी.ए. झालो आणि एका कचेरीत चिकटलो. कविता रात्री आणि दिवसा आवक-जावक विभाग. बाहेरून आलेला प्रत्येक कागद माझ्या हातून नोंदवहीत चढायचा, त्याला क्रमांक मिळायचा, मगच तो वर जायचा. साहेबांच्या खोलीत भिंतीवर एक तक्ता होता. सगळ्यांत वर साहेब, सगळ्यांत खाली शिपाई. मला वाटायचं, कचेरी म्हणजे हाच तक्ता. पण बदल्यांची बातमी आदेश निघण्याच्या चार दिवस आधी चहा आणणाऱ्या पोराला ठाऊक असायची. मग ती कुठल्या वाटेनं यायची?

या न टांगलेल्या तक्त्याचा अभ्यास करणारी माणसं जगात होऊन गेली, हे मला फार उशिरा कळलं. त्यांतले एक जेकब मोरेनो. बुखारेस्टमध्ये जन्मलेले, व्हिएन्नात शिकलेले हे मानसोपचारतज्ज्ञ १९२५ साली अमेरिकेत आले. १९३२ साली न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावच्या मुलींच्या सुधारगृहातून दोन आठवड्यांत १४ मुली पळून गेल्या. मोरेनो आणि त्यांच्या सहकारी हेलन जेनिंग्ज यांनी तिथल्या मुलींना साधे प्रश्न विचारले : तुला कोणाबरोबर राहायला आवडेल? कोणाबरोबर नको? उत्तरांवरून त्यांनी कागदावर वर्तुळं आणि रेघा काढल्या. वर्तुळ म्हणजे मुलगी, रेघ म्हणजे ओढ किंवा नावड. मोरेनोंचं म्हणणं असं, की पळण्याचं कारण एकेका मुलीच्या स्वभावात शोधून पुरणार नाही. ती या जाळ्यात कुठे बसली आहे, ते पाहायला हवं. पळून जाण्याचा विचार याच रेघांवरून फिरला होता. १९३३च्या एप्रिलमध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं या नकाशांची बातमी छापली, पुढच्या वर्षी मोरेनोंचं पुस्तक आलं.

पुढची पायरी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधली. तिथे अ‍ॅलेक्स बॅव्हेलास यांनी सुरू केलेल्या कामातून हॅरोल्ड लेव्हिट यांनी एक प्रयोग केला. तो १९५१ साली प्रसिद्ध झाला. गोल टेबलाभोवती पाच माणसं, मध्ये आडोसे. बोलायचं नाही, फटीतून चिठ्ठ्या सरकवायच्या. प्रत्येकाजवळ पाच चिन्हं. सगळ्यांत समान असलेलं एक चिन्ह शोधायचं. कोणी कोणाला चिठ्ठी द्यायची, ते मात्र आधीच ठरलेलं. एका रचनेत सगळ्यांनी मधल्या एकालाच लिहायचं. हे झालं चाक. दुसरीत प्रत्येकानं फक्त शेजारच्या दोघांना लिहायचं. हे झालं वर्तुळ.

मला हे वाचताना आमचा मोहल्ला आठवला. रमजानात सहरीला उठवायला एक बाबा दारोदार काठी आपटत यायचे. एक माणूस, सगळी दारं. हे चाक. पण एकदा बाबांनाच झोप लागली. त्या पहाटे अम्मीनं शेजारच्या भिंतीवर मुसळ ठोकलं, शेजारणीनं पुढच्या भिंतीवर, आणि गल्ली जागी झाली. ते वर्तुळ.

लेव्हिटना दिसलं, की चाकात चुका कमी होतात आणि चिठ्ठ्याही कमी लागतात. मधला माणूस आपोआप पुढारी ठरतो. मात्र कडेची चार माणसं कंटाळतात. वर्तुळात गोंधळ जास्त, चुका जास्त, तरी काम करायला लोकांना आवडतं. पुढे त्याच संस्थेत एकरंगी गोट्यांऐवजी सरमिसळ रंगांच्या, नाव देता न येणाऱ्या गोट्या देऊन पाहिलं. तेव्हा वर्तुळातल्या माणसांनी एकमेकांना विचारत विचारत नावं ठरवली आणि चुका कमी केल्या. चाकाला ते तितकं जमलं नाही. म्हणजे नेहमीचं काम असेल तर चाक बरं. अनोळखी संकट आलं, तर कडेच्या माणसाचं ऐकू येईल अशी वाट हवी.

ती नसली की काय होतं? १६ जानेवारी २००३ रोजी कोलंबिया यान उडालं, तेव्हा टाकीवरचा फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यान अंतराळात असतानाच त्या पंखाची छायाचित्रं घ्यावीत, अशी विनंती नासाच्या अभियंत्यांनी वेगवेगळ्या वाटांनी तीनदा केली. वर प्रश्न निघाला, ही अधिकृत गरज नेमकी कोणाची? तसं नाव सापडलं नाही आणि विनंती बारगळली. १ फेब्रुवारीला परतीच्या वाटेवर यान फुटलं. कर्नालच्या कल्पना चावलासह सात जण गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आलेल्या चौकशी अहवालानं फोमइतकाच दोष संस्थेच्या वागण्याच्या रीतीला दिला आणि १९८६च्या चॅलेंजर अपघाताची आठवण करून दिली.

‘थ्रू प्रॉपर चॅनेल’ हे शब्द मी नोकरीत हजारदा लिहिले असतील. म्हणून हा अहवाल मला परका वाटला नाही.

आमच्याकडे एक वयस्कर शिपाई होते. मी त्यांना दादा म्हणायचो, ते मला शायर. एका पावसाळ्यात ते माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, “शायर, मागच्या खोलीत गळतंय. भिंतीकडच्या गठ्ठ्यांना ओल लागलीय. साहेबांना सांगा.”

मी म्हणालो, “दादा, लेखी द्या, लगेच नोंद करतो.”

दादांना फक्त सही येत होती. ते काही न बोलता गेले. दिवाळीनंतर गठ्ठे सोडले, तेव्हा सेवापुस्तकांचा लगदा झाला होता. त्यांतल्या एका कर्मचाऱ्याची विधवा पेन्शनसाठी दोन वर्षं आमच्या पायऱ्या चढत होती. ती आली की मी मान वर करत नसे. कागद नव्हता, म्हणून नोंद नव्हती. पण निरोप आला होता, माझ्यापर्यंत आला होता आणि माझ्यापाशीच थांबला होता.

त्यानंतर मी एक दोनशेपानी वही आणली आणि तिच्यावर ‘तोंडी आवक’ असं लिहिलं. कोणी काय सांगितलं ते तिच्यात उतरवायचं आणि संध्याकाळी साहेबांना वाचून दाखवायचं. तिच्यातली पहिली नोंद दादांचीच आहे. तारीख मात्र चार महिने उशिराची.