फ्लॉपीपासून चित्रफितीपर्यंत : एका जुन्या सापळ्याचा इतिहास

डिसेंबर १९८९ मध्ये निरनिराळ्या देशांतील सुमारे वीस हजार लोकांना टपालाने एक फ्लॉपी आली. तिच्यात एड्सविषयी प्रश्नावली होती. उत्तरे दिली की आपल्याला या रोगाचा धोका किती, ते कळत असे. एड्सची त्या काळी सर्वत्र धास्ती होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या एड्सविषयक परिषदेला गेलेल्यांनाही ही फ्लॉपी मिळाली होती. साहजिकच अनेकांनी ती संगणकात घातली.

प्रश्नावली खरीच होती. पण तिच्याबरोबर दुसरी एक आज्ञावली संगणकात शिरून लपून बसे आणि संगणक कितीदा सुरू झाला ते मोजत राही. सुमारे नव्वदाव्या खेपेला फायलींची नावे गूढ अक्षरांत बदलत आणि पडद्यावर मागणी येई : पनामातील एका टपालपेटीच्या पत्त्यावर १८९ डॉलर पाठवा! या प्रकरणात ज्याला अटक झाली तो जोसेफ पॉप हार्वर्डचा डॉक्टरेट मिळवलेला जीवशास्त्रज्ञ होता. फसवणारा शिकलेला आणि फसलेल्यांतही शिकलेले बरेच. आम्हां संशोधकांनी हे विसरू नये.

येथे कोणी कुलूप फोडले नव्हते; दार घरमालकानेच उघडले होते. अशा आज्ञावलीला ग्रीक कथेतील लाकडी घोड्यावरून 'ट्रोजन' म्हणतात.

पुढे इंटरनेटवर चित्रफिती आल्या. चित्रफितीची फाइल फार मोठी असते, म्हणून ती आकसून पाठवतात आणि पाहताना पुन्हा उलगडतात. हे काम करणाऱ्या आज्ञावलीला 'कोडेक' म्हणतात. त्या काळी कोडेक नाना प्रकारचे होते. हवा तो नसला की चित्रफीत दिसत नसे आणि तो मिळवून बसवावा लागे. लोकांना याची सवय झाली होती. नेमका हाच धागा २००५-०६ च्या सुमारास 'झ्लॉब' या ट्रोजनने पकडला. तो कोडेक म्हणूनच पुढे येई. २००८ मध्ये 'कूबफेस' आला. मित्राच्या नावाने निरोप येई, 'या चित्रफितीत तू दिसतोस!' दुवा उघडला की यूट्यूबसारखे दिसणारे पान आणि त्यावर सूचना : आधी फ्लॅश प्लेअर अद्ययावत करा. तो प्लेअर म्हणजेच रोग.

ही वाट पुढे तंत्रज्ञानानेच अरुंद केली. २०१५ पासून यूट्यूब फ्लॅशऐवजी ब्राउझरच्याच क्षमतेवर चित्रफिती दाखवू लागले आणि ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशचा आधार संपला. म्हणून आज एखादे पान 'पाहण्यासाठी हे बसवा' म्हणाले, तर ते पान बंद करावे.

सापळा मात्र संपला नाही. त्याने वेश बदलला. चित्रफिती तयार करणाऱ्यांना जाहिरातीच्या कामाच्या मिषाने घातक फाइल पाठवली जाते, असे गूगलच्या तज्ज्ञांनी २०२१ मध्ये दाखवून दिले. ही फाइल ब्राउझरमधील 'कुकी' चोरते. जत्रेत तिकीट घेतल्यावर हातावर शिक्का मारतात, तशी ही कुकी. शिक्का असला की पुन्हा तिकीट विचारत नाहीत. त्यामुळे पासवर्ड ठाऊक नसतानाही चोर आत शिरतो. मग त्या चॅनेलवरून 'एक बिटकॉइन पाठवा, दोन परत घ्या' अशी आमिषे दाखवली जातात. अशा चित्रफितींत आपली छबी वापरली गेली म्हणून ॲपलचे एक संस्थापक स्टीव्ह वॉझनियाक जुलै २०२० मध्ये यूट्यूबविरुद्ध न्यायालयात गेले होते.

फ्लॉपी गेली, फ्लॅश गेला. बदलला नाही तो शेवटचा टप्पा : बटण आपणच दाबतो. फुकट सॉफ्टवेअर देणारे चित्रफितीखालचे दुवेही याच जातीचे. पैसे गेलेच, तर आपल्या देशात १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे. उशीर झाला की पैसे अडवणे कठीण होते.

वर्गात एक प्रश्न जरूर विचारावा : १९८९ ची फ्लॉपी, २००८ ची चित्रफीत आणि आजचा दुवा, यांत समान काय? मुलांनी एकदा स्वतः उत्तर शोधले, की पुढचा वेश त्यांना ओळखता येईल.