स्पेनला जाऊन तिथली संस्कृती शिकायची, तर नेमकं काय करावं लागतं?

पुणे-नगर रस्त्यावरच्या सणसवाडीत परदेशी कंपन्यांच्या पाट्या काही नव्या नाहीत. शिक्रापूरहून चाकणकडे वळलं की गेस्टाम्प, सीआयई अशी स्पॅनिश नावंही भेटतात. त्यामुळे या पट्ट्यातल्या एखाद्या मुलीने किंवा मुलाने घरी सांगितलं की 'मला स्पेनला शिकायचंय', तर घरचे आधी इंजिनिअरिंगच समजतात. पण स्पेनची भाषा, इतिहास आणि समाज हाच विषय घेऊन शिकता येतं. प्रश्न असतो तो कोणता कोर्स घ्यायचा आणि पैसे किती लागतात याचा.

आपला आणि स्पेनचा संबंध काय?

वाटतो त्यापेक्षा जुना. १५८० ते १६४० या काळात पोर्तुगालची गादी स्पेनच्या राजाकडे होती. म्हणजे वसई, चौल आणि गोवा ही ठाणी साठ वर्षं माद्रिदच्या राजाच्या नावाने चालत होती. शाळेच्या पुस्तकात हे सहसा एका ओळीतही येत नाही.

भाषेतले धागे तर त्याहून जुने आहेत. साखरेला स्पॅनिशमध्ये 'असुकार' म्हणतात, संत्र्याला 'नारांखा' आणि बुद्धिबळाला 'आखेद्रेस'. मुळं शोधत गेलं तर शर्करा, नारंग आणि चतुरंग हे संस्कृत शब्द सापडतात. ते फारसी-अरबीतून स्पेनपर्यंत गेले, कारण इ.स. ७११ पासून १४९२ पर्यंत स्पेनच्या कमी-अधिक भागावर मुस्लिम राजवटी होत्या. फ्लामेंकोला आकार देणाऱ्या खितानो म्हणजेच रोमा समाजाचे पूर्वजही मुळात भारतातून निघालेले. स्पेनमधली त्यांची पहिली लेखी नोंद १४२५ सालची आहे.

सुरुवात पुण्यातूनच

फर्ग्युसन कॉलेज रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे. सणसवाडीहून साधारण तीस किलोमीटर, वाघोलीचं ट्रॅफिक वेगळं. पुढे पदवी-पदव्युत्तर शिकायचं असेल तर दिल्लीचं जेएनयू आणि हैदराबादची इफ्लू हे पर्याय आहेत.

प्रमाणपत्रांत 'देले' ही परीक्षा महत्त्वाची. स्पेनच्या शिक्षण मंत्रालयाच्या वतीने इन्स्तितुतो सेर्वांतेस ती देतं. ए१ ते सी२ अशा सहा पातळ्या असतात आणि प्रमाणपत्राला मुदत नसते. 'सिएले' ही दुसरी परीक्षा, तिचा निकाल पाच वर्षं चालतो. स्पॅनिशमधून मास्टर्स करायचं तर बहुतेक ठिकाणी बी२ लागतं. ए२ वर विमानात बसणाऱ्यांचं पहिलं सेमिस्टर वर्गात काय चाललंय हे समजण्यातच जातं.

कोर्स निवडताना फसगत कुठे होते?

एजंटच्या माहितीपत्रकात सगळंच 'मास्टर्स' असतं. स्पेनमध्ये त्याचे दोन प्रकार आहेत. 'मास्तेर ओफिसियाल' ही सरकारमान्य पदवी, तिच्यावर पुढे पीएचडी करता येते. 'तीतुलो प्रोपियो' ही त्या विद्यापीठाची स्वतःची पदवी. ती शिकायला चांगली असू शकते, पण पीएचडीचा दरवाजा तिच्याने उघडत नाही. अर्ज भरण्याआधी हे दोन शब्द वेबसाइटवर शोधलेच पाहिजेत.

दुसरी गोष्ट म्हणजे शहर. बार्सिलोनात अनेक विषय कातालान भाषेत शिकवले जातात आणि ती स्पॅनिशची बोली नाही, वेगळी भाषा आहे. बास्क प्रदेश आणि गालिसियातही स्थानिक भाषांना अधिकृत दर्जा आहे. १९७५ पर्यंत चाललेल्या फ्रँकोच्या हुकूमशाहीत या भाषा दाबल्या गेल्या होत्या, त्यामुळे हा विषय तिथे आजही हळवा आहे. समाज शिकायला जाणाऱ्याने हे तिथे उतरण्याआधी वाचलेलं बरं. फक्त स्पॅनिशवर भर हवा असेल तर १२१८ साली स्थापन झालेलं सालामांकाचं विद्यापीठ आणि ग्रानादा इथले परदेशी विद्यार्थ्यांसाठीचे भाषा-संस्कृती कोर्स प्रसिद्ध आहेत.

पैसे आणि कागद

९० दिवसांपेक्षा जास्त शिकायचं तर विद्यार्थी व्हिसा लागतो. महाराष्ट्रातल्यांचे अर्ज मुंबईच्या स्पॅनिश वकिलातीकडे जातात. तिथे राहण्याचा खर्च भागवायला महिन्याला किमान 'इप्रेम' या सरकारी निर्देशांकाइतके पैसे दाखवावे लागतात. २०२३ मध्ये हा आकडा ६०० युरो ठरला. नऊ महिन्यांचे ५,४०० युरो झाले. युरोला शंभर रुपये धरले तर ५ लाख ४० हजार, आणि यात फी धरलेली नाही. माद्रिद-बार्सिलोनात खोलीचं भाडं भरल्यावर ६०० युरोंत फारसं काही उरत नाही, म्हणून घरच्यांना हाच आकडा सांगून कर्ज काढायला लावू नये.

सहा महिन्यांपेक्षा जास्त मुक्काम असेल तर पोलिसांचा चारित्र्य दाखला आणि वैद्यकीय प्रमाणपत्रही लागतं. दाखल्यावर परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल आणि सोबत अधिकृत स्पॅनिश भाषांतर हवं. याला वेळ जातो. तिथे पोचल्यावर महिन्याभरात परदेशी ओळखपत्रासाठी अर्ज करायचा आणि नगरपालिकेत रहिवासी नोंद करायची, आपल्याकडे ग्रामपंचायतीचा दाखला काढतो तसंच.

मे २०२५ पासून लागू झालेल्या नियमांनुसार उच्च शिक्षणाच्या विद्यार्थ्यांना आठवड्याला ३० तासांपर्यंत काम करता येतं. नुसत्या भाषेच्या कोर्सला गेलेल्यांना ही मुभा आपोआप मिळत नाही. 'जाऊ, आणि तिकडे काम करून फी भरू' असं ठरवणाऱ्यांनी आधी आपला कोर्स कोणत्या गटात येतो ते पाहावं.

राहता राहिलं जेवण. दुपारचं दोन-तीनला, रात्रीचं नऊ-दहाला. शिफ्टमधून घरी येणाऱ्या सणसवाडीकराला ही वेळ जड जाणार नाही. शाकाहारी असाल तर मात्र 'हामोन' हा शब्द पहिल्याच दिवशी पाठ करा, कारण डुकराच्या मांसाचे ते तुकडे भाजीतही निघू शकतात.